तिथली द्राक्षं, तिथला खुडा : अल्सासमधले चार दिवस

आमच्याकडं तीन पिढ्या द्राक्षबाग आहे, पिंपळगाव बसवंतच्या जवळच, पण घरात वाईनची बाटली कधी आली नव्हती कारण अण्णा माळकरी. त्यामुळं बासेलला औषध कंपनीत असलेला भाचा म्हणाला की मामा इथून ट्रेननं पाऊण तासावर फ्रान्समधला अल्सास भाग आहे, सगळा द्राक्षाचा, सप्टेंबरच्या शेवटी या म्हणजे खुडा बघायला मिळेल, तेव्हा वाईनपेक्षा मला बागच बघायची होती. आमची एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची कामं उरकलेली, ऑक्टोबरच्या, म्हणजे फळासाठीच्या गोडी छाटणीला अजून पंधरा-वीस दिवस, वर्षातून एवढीच काय ती सवड मिळते. व्हिसा, तिकिटं सगळं भाच्यानं बघितलं. आम्ही दोघं आणि तो, तिघंच.

दिवस पहिला : कोलमार

सकाळच्या ट्रेननं कोलमारला उतरलो. लाकडी पट्ट्यांची रंगीत घरं, मधून कालवा, खिडक्यांत लाल जिरॅनियम, फोटोत दिसतं तसंच आहे सगळं आणि गर्दीही तेवढीच. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा करणारा बार्थोल्डी याच गावचा, १८३४ चा जन्म. पण मला त्या दिवशी खिळवून ठेवलं ते उंटरलिंडेन म्युझियमनं. जुना मठ आहे तो, आणि आत इझेनहाइमची वेदी म्हणून १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेली भलीमोठी लाकडी चित्रं आहेत. क्रुसावरच्या येशूच्या सगळ्या अंगावर फोड आणि काटे. भाच्यानं माहितीफलक वाचून सांगितलं की ज्या मठासाठी ही चित्रं काढली तिथं एका रोगाच्या पेशंटांवर उपचार व्हायचे, राय नावाच्या धान्यावर अरगट हा बुरशीचा रोग पडायचा, तसल्या धान्याचा पाव खाऊन माणसांच्या हातापायांची आग व्हायची आणि ते सडून गळायचे. मी ऐकतच राहिलो. अरगट म्हणजे आपल्या बाजरीवर पडतो तोच जातभाई! आमची आजी पेरणीआधी बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकायची, तरंगेल ते फेकायचं आणि बुडेल ते धुऊन वाळवून पेरायचं, कृषी खात्याची २० टक्के मिठाच्या द्रावणाची शिफारस ती हीच. त्या रोग्यांना संत अँटनीच्या अस्थींवर ओतलेली वाईन औषध म्हणून देत असत. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रासमोर मी अर्धा तास तरी बसलो असेन, बायको दोनदा बोलवायला आली.

रात्री तार्त फ्लाँबे खाल्ला. पापडाच्या जवळ जाणारी पातळ पोळी, तिच्यावर आंबटसर घट्ट साय, कांद्याचे काप आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, आणि कडक भट्टीत दोन-तीन मिनिटं. पूर्वी पाव भाजायच्या आधी भट्टीचा ताव बघायला ही पोळी टाकायचे म्हणे. बायको शाकाहारी, तिच्यासाठी बिनमांसाचा मागवला, कडा करपलेल्या आणि कांदा अर्धवट गोड झालेला, तिनं दोन संपवले. सोबत हिरव्या दांड्याच्या ग्लासात सिल्व्हानेर नावाची साधी पांढरी वाईन होती, हलकी, थोडी आंबट, कांद्याबरोबर एकदम जुळणारी. माझ्या आयुष्यातला वाईनचा पहिला घोट हाच.

शाकाहारी लोकांसाठी सांगतो, "साँ लार्दाँ" एवढे दोन शब्द पाठ करून जा, म्हणजे मांसाचे तुकडे नकोत. आणि जेवणाची वेळ पाळा, दुपारी दोननंतर किचन बंद होतं आणि संध्याकाळी सातपर्यंत गरम काही मिळत नाही.

दिवस दुसरा : एगिसाइम

हा दिवस मी कधी विसरणार नाही.

भाड्याच्या सायकली घेऊन निघालो, कोलमारपासून एगिसाइम सहा-सात किलोमीटर, रस्ता बागांमधून जातो. सकाळी धुकं होतं आणि थंडी आपल्या निफाडच्या डिसेंबरसारखी, बोटं गारठली. हळूहळू धुकं वर सरकलं आणि पश्चिमेला व्होज डोंगराची रांग दिसायला लागली, तशी मला एकदम ओळख पटली. आपल्याकडं इगतपुरीला धो धो पडतो आणि सह्याद्री ओलांडून निफाडला येईपर्यंत ढग रिकामे होतात ना, तसंच हे. व्होजच्या माथ्यावर वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पायथ्याच्या कोलमारला जेमतेम ६००, सगळ्या फ्रान्समधल्या कोरड्या शहरांपैकी एक. इतक्या उत्तरेला द्राक्ष का पिकतं याचं उत्तर त्या डोंगरात आहे. कोरडी हवा, उन्हाकडं तोंड केलेला उतार आणि लांबलेला शरद ऋतू.

एगिसाइम गाव गोल आहे, म्हणजे खरंच गोल, एकात एक वर्तुळांसारख्या गल्ल्या. पोप लिओ नववा इथला, १००२ सालचा. छपरांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी, पण पक्षी ऑगस्टातच दक्षिणेकडं गेलेले. २०१३ साली फ्रेंच लोकांनी आपलं सगळ्यात आवडतं गाव म्हणून याला निवडलं होतं, त्यामुळं दुपारी बसच्या बस येतात, सकाळी दहाच्या आत पोचा म्हणजे गल्ल्या तुमच्या.

भाच्यानं एका छोट्या घरगुती वायनरीत आधी मेल करून वेळ घेतली होती. वीसेक एकर रान, नवरा, बायको आणि मुलगा. मालकीणबाई गमबुटात दाराशीच उभ्या होत्या, साठीच्या असतील, हात खरबरीत आणि बोटं द्राक्षाच्या चिकानं काळी पडलेली. ते हात बघूनच मला बरं वाटलं. त्या अल्साशियन बोलतात, ती जर्मनची बोली, आणि बासेलची जर्मन तिची सख्खी बहीण, त्यामुळं भाच्याचं छान जमलं, मधेमधे फ्रेंच. मी द्राक्षवाला आहे असं त्यानं सांगितलं आणि बाईंनी सरळ बागेकडं हात केला.

खुड्याच्या दिवसांत बाहेरच्यांनी बागेत शिरायचं नसतं, तसे फलक ठिकठिकाणी होते, आम्ही त्यांच्याबरोबर होतो म्हणून जाता आलं. मी पहिला प्रश्न विचारला, खुंट कोणता? बाई थबकल्या, मग खूश झाल्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीनं युरोपातल्या द्राक्षांची मुळं खाऊन टाकली, त्यानंतर सगळीकडं अमेरिकन खुंटावर कलम करायला लागले. आपण डॉगरिज लावतो ते पाणी कमी आणि खारं म्हणून, त्यांनी लावलं ते किडीपासून वाचायला. कारण वेगळं, कलम तेच.

त्यांची लागण दाट, खोडं कमरेएवढी, दोन-दोन काड्या धनुष्यासारख्या वाकवून तारेला बांधलेल्या, मांडव नाही. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. आपण एप्रिलला एक आणि ऑक्टोबरला एक अशा दोन करतो हे ऐकून त्या म्हणाल्या मग वेल झोपते कधी? मी म्हणलं झोपत नाही, आमच्याकडं थंडी तेवढी नसते, छाटणीच करून तिला उठवावं लागतं. हे त्यांनी मुलाला हाक मारून परत सांगायला लावलं.

गेव्हुर्त्सट्रामिनर नावाच्या जातीची ओळ चालू होती. मणी वाटाण्याएवढे, रंग फिकट गुलाबी, साल जाड, आत बी. खुडणाऱ्यांत कॉलेजची पोरं, गावातली निवृत्त माणसं, पोलंडहून आलेले दोघं. आपल्यासारखीच कात्री, आपल्यासारखेच क्रेट. मी दोन मणी तोंडात टाकले. साखर तर होतीच, पण पाठोपाठ गुलाबाचा वास नाकात चढला, लिचीचाही. आपण थॉमसन या बिनबियांच्या जातीला जीए संजीवकाच्या डिपिंगा देऊन, म्हणजे घड द्रावणात बुडवून, मणी फुगवतो कारण गिऱ्हाईक आकार बघतं, इथं मणी बारीक राहिला तरच बरं कारण वास सालीत असतो. माल कमी ठेवायची तर त्यांची धडपड, आणि कायद्यानंसुद्धा हेक्टरी किती काढायचं याला मर्यादा घातलेली आहे. आमच्याकडं एकरी दहा-बारा टन काढतात हे सांगितल्यावर बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या, पण चांगल्या अर्थानं.

एक वेल त्यांनी दाखवली, पानांवर पांढरट. भुरी! तिथंही भुरी, तिथंही डावनी, वेलीचे रोग तेच, तिथंही गारपिटीची धास्ती. त्या पानावर आम्ही दोघं वाकून बोलत होतो आणि भाचा भाषांतर करायचा थांबला होता, तशी गरजच नव्हती.

मग वायनरीत. क्रेट प्रेसमधे ओतले, हवेनं फुगणारी पिशवी आतून हळूहळू दाबते, खाली रस. तो रस त्यांनी एका पेल्यात धरून दिला, गढूळ, कोमट, मधासारखा. शेजारी तळघरात माझ्या दुप्पट उंचीची ओकची अंडाकार पिंपं, काही शंभर वर्षांची. पिंपाच्या पोटाला खाली एक बारकं दार असतं, शाळेच्या दप्तराएवढं. वर्षातून एकदा पिंप रिकामं झालं की धुवायला त्यातून माणूस आत जातो. मुलानं करून दाखवलं, आधी एक हात आणि डोकं, मग खांदा तिरका, मग कंबर, आणि गेला की आत! आतून त्यानं टकटक केलं तर सगळं तळघर घुमलं. आतल्या भिंतीला काचेसारखे खडे चिकटलेले, टार्टरचे, एक खडा मला दिला, आंबट लागतो चिंचेसारखा. म्हणजे चिंचेत जे आम्ल असतं तेच द्राक्षात.

आता टेस्टिंग. टेबलावर मधे पिकदाणी ठेवतात, त्यात थुंकायला कुणाला संकोच नसतो, आणि सायकलवर परत जायचं असेल तर थुंकाच, फ्रान्समधे मर्यादा लिटर रक्ताला अर्धा ग्रॅम आहे आणि सायकलवाल्यालाही पकडतात.

आधी क्रेमाँ, बुडबुड्यांची. हिची द्राक्षं हातानंच खुडायची असा नियम आहे आणि बाटलीत गाळासकट किमान नऊ महिने ठेवायची. सोबत कुगेलहोफ, बदाम लावलेला उंच गोल पाव, मधे भोक. मग रिसलिंग, कोरडी आणि लिंबासारखी धारदार, हिच्याबरोबर ते नदीचा ट्राउट मासा नाहीतर आंबवलेल्या कोबीचा शुक्रुत खातात, आंबटाला आंबट. मग बाईंनी आतून एक धुळकट बाटली आणली, पंधरा वर्षं जुनी रिसलिंग. वास घेतला आणि मी बायकोकडं बघितलं, ती म्हणाली, "अहो, रॉकेल!" खरंच रॉकेलचा वास, लहानपणी स्टोव्ह पेटवताना यायचा तो, आणि त्याच्या मागं मध आणि संत्र्याची साल. बाईंना भाच्यानं सांगितलं तर त्यांनी जोरजोरात मान हलवली, जुन्या रिसलिंगची खूणच ती, तिकडचे लोक पेट्रोल म्हणतात.

शेवटी गेव्हुर्त्सट्रामिनर. गेव्हुर्त्स म्हणजे जर्मनमधे मसाला. तिच्याबरोबर मुन्स्टर चीज, व्होजच्या कुरणांतल्या गायींचं, वास इतका उग्र की बायको खुर्ची मागं घेऊन बसली. त्याच्यावर बाईंनी वाटीतून चिमूटभर दाणे टाकले, आणि बायको परत पुढं आली. "हे शहाजिरं आहे!" तसेच कमानदार दाणे, चुलतभावंड म्हणा. तिनं चव घेतली. उग्र खारट चीज, शहाजिऱ्याचा झणका आणि वर ती गुलाबाची गोडसर वाईन, तिघं एकमेकांना सांभाळून घेतात.

मग तिनं पर्समधून भाकरवडीची पुडी काढली. प्रवासात असतेच ती आमच्याकडं. बाईंनी एक खाल्ली, तिखट लागल्यावर डोळे मोठे झाले, लगेच गेव्हुर्त्सचा घोट घेतला आणि टेबलावर थाप मारली. भाकरवडीत खसखस आणि धणे-बडीशेप, तिखट आणि आंबटगोड, त्या वाईनसाठीच केल्यासारखी बसली. नवऱ्याला बोलावलं, मुलाला बोलावलं, पुडी संपली. माझं स्पष्ट मत सांगतो, आपल्या जेवणाबरोबर लोक उगाच कडक लाल वाईन घेतात, तिखटानं ती आणखी तुरट लागते. थोडी गोडी असलेली वासाची पांढरी घ्या, चिकन रस्सा असो की भरली वांगी.

दुपारी खुडणाऱ्यांच्या लांब टेबलावर आम्हालाही बसवलं. भाज्यांचं गरम सूप, कांद्याचा तार्त, पाव. बाईंचे सासरे, नव्वदीच्या घरातले, टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांची आजी जर्मन म्हणून जन्मली, १९१८ ला फ्रेंच झाली, १९४० ला परत जर्मन, १९४५ ला परत फ्रेंच, आणि या सगळ्यात गाव बदललं नाही की घर बदललं नाही. म्हातारबाबा हे अगदी शांतपणे सांगत होते, पाव मोडता मोडता. मग मला विचारलं, तुमचे वडील बागेत जातात का अजून? म्हणलं रोज.

दिवस तिसरा : बेनवीर आणि रिबोव्हिले

बसनं उत्तरेकडं. वाटेत बेनवीर लागतं, आजूबाजूच्या गावांत चारशे वर्षांची घरं आणि इथं सगळं नवं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोलमारभोवती जी लढाई झाली तिच्यात हे गाव पार बेचिराख झालं. उतरून चर्चमधे गेलो, नव्या धाटणीचं, एक बाजू सगळी रंगीत काचेची, आत कुणी नव्हतं. बाहेर आलो तर रस्त्यावरून द्राक्षाचा ट्रॅक्टर चाललेला.

रिबोव्हिलेला मी मुद्दाम गेलो, कारण तिथली सहकारी वायनरी १८९५ सालची, फ्रान्समधली सगळ्यात जुनी. ट्रॅक्टरांची रांग लागलेली, प्रत्येकाच्या मालाची साखर, आपण ब्रिक्स म्हणतो ती, मोजून नोंद होते. मला आमच्या चुलत्यांची आठवण झाली. २००१ च्या वाईन धोरणानंतर आमच्याकडं वायनऱ्या उभ्या राहिल्या, त्यांनी दोन एकर वाईनची द्राक्षं लावली, एका कंपनीशी करार होता, मंदी आली आणि कंपनीनं माल उचललाच नाही. दोन हंगाम घड वेलीवर सुकले. शेवटी कुऱ्हाड लावून त्यांनी परत थॉमसन लावलं, आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते हे मला माहीत आहे. सहकार आपल्याला काही नवा नाही, साखर कारखाने आपण उभे केले, द्राक्ष निर्यातीसाठी महाग्रेप्स उभी केली, मग वाईनमधे द्राक्षवाल्याची स्वतःची वायनरी का मोठी झाली नाही हे त्या रांगेकडं बघत मनात घोळत राहिलं. भाच्याशी परतीच्या बसमधे तेच बोलत होतो.

तिथं नवी वाईन प्यायलो, म्हणजे अजून आंबत असलेला रस, गढूळ, जिभेवर चुरचुरणारा. आपल्या नीरेची ताडी व्हायला लागते ना, त्या मधल्या वेळेची चव. ताज्या अक्रोडांबरोबर देतात, हिरवी साल नुकतीच काढलेले, आतलं पापुद्र्यासारखं साल सोलून खायचे. विकत घेतली तर लक्षात ठेवा, बूच मुद्दाम सैल असतं, बाटली उभीच धरा. आमच्या पुढच्या सीटवरच्या आजी बसमधे ती मांडीवर बाळासारखी धरून बसल्या होत्या.

दिवस चौथा : खरेदी आणि परत

सकाळी परत एगिसाइम, कारण बाईंकडूनच घ्यायची ठरवली होती. छोट्या वायनरीत टेस्टिंगचे पैसे बऱ्याचदा घेत नाहीत, एक-दोन बाटल्या घेणं ही रीत. बारा ते दोन बंद, रविवारचं आधी विचारून घ्या. लेबलवर "सेक" असेल तर कोरडी, "मोएलो" असेल तर गोडसर, हे अल्सासमधे आता लिहावंच लागतं. "ग्रां क्रू" म्हणजे नावाजलेलं रान, अशी एकूण ५१ आहेत, एगिसाइमची दोन, आइखबर्ग आणि फर्सिगबर्ग, ओकची टेकडी आणि पीचची टेकडी. भारतात येताना माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री. आम्ही सहकारी वायनरीतून काही घेतलं नव्हतं, म्हणून दोघांत पाऊण लिटरच्या चार बाटल्या आणि एक अर्धी बसली, स्वेटरात गुंडाळून मोठ्या बॅगेत, एकही फुटली नाही.

निघताना बाईंनी मला छाटणीच्या कात्रीची जोडी दाखवली, नवऱ्याच्या वडलांची, पातं घासून घासून निम्मं राहिलेलं. फोटो काढू दिला. बायकोनं त्यांना भाकरवडीची कृती लिहून दिली, भाच्याच्या हातून जर्मनमधे.

घरी आलो ते गोडी छाटणीच्या तोंडावर. पहिल्या दिवशीची छाटणी उरकून संध्याकाळी ओट्यावर ती गेव्हुर्त्स उघडली, चुलते आले होते, त्यांना एक ग्लास दिला, त्यांनी हळूहळू संपवला आणि काही बोलले नाहीत. अण्णांनी हात लावला नाही अर्थात, पण ग्लास जवळ आणायला सांगितला, वाकून वास घेतला, परत एकदा घेतला.

"गुलकंदावानी आहे," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तोडली तेव्हा ब्रिक्स किती होतं रे?"